अर्धं स्वयंपाकघर आणि दोन व्याही

आदरणीय व्याहीबुवा यांस,

(हे संबोधन लिहायला मला एक अख्खी दुपार लागली. कागदावर नुसतं 'आदरणीय' लिहून ठेवलं आणि चहा घेऊन आलो. पुढचं चहानंतरही सुचेना, म्हणून जुनंच लिहिलं. चालत नसेल तर खोडून तुम्हाला बरं वाटेल ते घालावं. 'आदरणीय' मात्र राहू द्या, ते मनापासून आहे.)

तुम्हाला आणि विहीणबाईंना आम्हां दोघांचा नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे, ते लिहिलं. आता खरं लिहितो. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना बोंबलतो. हिचं ब्लडप्रेशर गोळीने खाली येतं आणि गोळीची किंमत ऐकून परत जागेवर जातं. दुकानात गिऱ्हाईक बेताचंच. लोकांना हल्ली जवळचं दिसत नाही आणि लांबचं बघायचं नसतं, अशा काळात चष्मेवाल्याने काय करावं? तुमच्या कमरेचं कसं आहे? भट्टीपुढे वाकू नका असं सांगणाऱ्याने आयुष्यात कधी पाव भाजलेला नसला की त्याच्या सांगण्याला वजन राहत नाही हे मला कळतं, तरी वाकू नका. विहीणबाईंचा खोकला गेला का? गेला असेल तर आनंदच आहे. नसेल, तर त्या आमच्याशी बोलत नाहीत ते खोकल्यामुळे, अशी मी हिची समजूत घालीन.

पत्र लिहिण्याचं कारण असं की, आपल्या मुलांनी शेवटी सह्या केल्या हे तुम्हाला चिरंजीवांकडून कळलं असेलच. पण त्यांनी ते चार शब्दांत सांगितलं असणार. (लिफ्टच्या कंपनीतला माणूस. 'कितव्या मजल्यावर अडकली आणि आत कोण आहे' याच्यापलीकडे बोलायची सवय नाही. हा दोष म्हणून सांगत नाही, मला तो मुलगा आवडतो. अडचण तीच आहे.) आमच्या घरी मधल्या काळात काय काय झालं ते तुम्हाला कुणीच सांगितलेलं नसेल. ते सांगायला हवं, कारण त्यात एका सिनेमाचा हात आहे आणि थोडा आमचाही.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी आमची लेक एक बॅग, एक कुंडी आणि ऑफिसच्या नकाशांची भलीमोठी गुंडाळी घेऊन दारात उभी राहिली. 'थोडे दिवस राहते,' म्हणाली. हिने 'राहा की' म्हणत कुंडी हातात घेतली. बापाने अशा वेळी काय हातात घ्यायचं असतं याचा मला अनुभव नव्हता, म्हणून मी गुंडाळी घेतली. ती हातातून सटकली आणि जिन्यावरून उलगडत थेट पहिल्या मजल्यावर गेली. लेक सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढते हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा अख्ख्या शहराची गटारं आमच्या जिन्यावर पसरली आणि ती गोळा करताना पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी एक टोक धरून आम्हाला मदत केली. त्यांनी बॅग पाहिली, कुंडी पाहिली, लेकीचा चेहरा पाहिला. दुसऱ्या दिवशी दुकानात येणारं गिऱ्हाईक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागलं, जसं आजारी माणसाशी बोलतात.

काही विचारायचं नाही असं हिने मला बजावून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच विचारलं.

'त्याचं काही चुकलं का?'

'नाही.'

'मग तुझं?'

'माझंही नाही.'

'मग झालंय काय?'

लेकीने कपातल्या चहावरची साय बाजूला केली. मग म्हणाली, 'आम्ही एकमेकांशी फार नीट वागायला लागलो, आई. आता तो दिवा बंद करायच्या आधी मला विचारतो.'

हे वाक्य मी दुकानात नेलं आणि दिवसभर घासून पाहिलं. व्याहीबुवा, लग्न झाल्यापासून मी हिला विचारून दिवा बंद केल्याचं मला आठवत नाही. त्या रात्री विचारून पाहिलं. ही उठून बसली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, 'बरं वाटत नाहीये का?'

आता सिनेमाकडे येतो. लेकीच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये एक डिस्क होती. 'अर्धं स्वयंपाकघर'. नाव तुमच्या ओळखीचं आहे. लग्नाच्या जेवणात तुम्हीच उभं राहून सांगितलं होतं की, हा सिनेमा चालू असताना एका ठिकाणी सगळं थिएटर गप्प होतं आणि दोनच माणसं हसली. एक तुमचे चिरंजीव, दुसरी त्यांच्या मागच्या रांगेत बसलेली आमची लेक. चिरंजीवांनी मागे वळून पाहिलं आणि पुढचा सिनेमा त्यांना कळलाच नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दोघांनी तो परत पाहिला. (त्या भाषणात तुम्ही रडलात. मी रडलो नाही, पण माझा चष्मा मी तीनदा पुसला होता आणि त्यावर धूळ नव्हती, हे धंद्याने चष्मेवाला असलेल्या माणसाने कबूल करणं म्हणजे रडल्यासारखंच.)

तर तो सिनेमा लेक रोज संध्याकाळी ऑफिसमधून आली की लावू लागली. टीव्ही आमच्याकडे एकच, बाहेरच्या खोलीत. माझी खुर्चीही तिथेच. मी ती खुर्ची सोडून जायचो कुठे? आतल्या खोलीत ही कपड्यांना इस्त्री करत बसते आणि माणूस दिसला की त्याला चादरीचं दुसरं टोक धरायला लावते.

सिनेमा तुम्ही पाहिलेला नाही, कारण तुम्हाला अंधारात बसलं की झोप येते (पहाटे भट्टी पेटवणाऱ्याचा तो हक्कच आहे), म्हणून गोष्ट सांगतो. एक गवंडी चुकीच्या जागी भिंत बांधतो. त्यामुळे एका स्वयंपाकघराचे दोन भाग होतात. चूल याच्या घरात राहते आणि नळ तिच्या घरात जातो. तो टेलिफोनची डिरेक्टरी तपासणारा, ती संग्रहालयासाठी मेलेल्या प्राण्यांत भुसा भरणारी. दोघांचे जिने वेगळे, रस्ते वेगळे. भिंतीत एक वीट निघालेली असते, त्या भोकातून ती पाणी देते आणि हा अंडी उकडून परत पाठवतो. असं चालतं. अर्धा सिनेमा होईतो दोघांनी एकमेकांचा नुसता हात पाहिलेला असतो. शिवाय एक कासव आहे, ते भोकातून येतं-जातं, आणि ते नक्की कुणाचं यावरून भांडण होतं.

पहिले काही दिवस मी या सिनेमाची हजेरी घेतली. माणूस दार उघडून, जिना उतरून, कोपरा वळून पलीकडे का जात नाही? घरमालकाकडे तक्रार का करत नाही? मुख्य म्हणजे त्या नायकाने एवढा जाड काळा चष्मा लावला आहे आणि त्यामागे त्याचे डोळे जराही बारीक दिसत नाहीत. म्हणजे भिंगात नंबरच नाही, साधी काच आहे. ज्या माणसाला चष्म्याची गरजच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, 'बाबा, तुम्ही पाय जरा खाली घ्या, कासव दिसत नाहीये.'

हिला वाटलं की हा सिनेमा म्हणजे जखमेवरची खपली आहे आणि पोरगी ती रोज काढते आहे. तो बंद झाला पाहिजे. म्हणून हिने मला टीव्हीमागची एक वायर जराशी ढिली करायला सांगितलं. माझ्याकडे स्क्रू पिळायचं हत्यार एकच, चष्म्याच्या काड्यांचं, पेन्सिलीएवढं. सिनेमा चालू असताना लेक चहा आणायला उठली, तेवढ्यात ते मी कुठे घातलं ते मलाही नक्की सांगता येणार नाही. एक ठिणगी उडाली, माझा हात खांद्यापर्यंत झिणझिणला आणि सगळ्या इमारतीचे दिवे गेले. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. पहिल्या मजल्यावरच्या बाई मेणबत्ती घेऊन उभ्या. मला वाटलं, दिव्यांबद्दल बोलायला आल्या. त्या म्हणाल्या, 'मधेच का बंद केलात हो? आम्हाला छतातून सगळं ऐकू येतं. कासव सापडलं का?'

लेकीने त्यांना आत घेतलं आणि मेणबत्तीच्या उजेडात उरलेला सिनेमा आपल्या फोनवर लावला. पडदा तळहाताएवढा. बाई एका बाजूने वाकल्या. मी दुसऱ्या बाजूने, नाइलाजाने. मग खांद्याला ढोसण्या बसू लागल्या म्हणून मागे पाहिलं तर ही.

'बाजूला सरा,' म्हणाली, 'हात दिसत नाहीत.'

त्या दिवसापासून आमच्या घरात या सिनेमाला विरोधी पक्ष उरला नाही. बाई रोज येऊ लागल्या, येताना आपली खुर्ची घेऊन.

पण मला चैन पडेना. लोकांना यात एवढं काय आवडतं ते एकदा कळलं, तर आपल्या पोरीच्या मनात काय चाललं आहे तेही कळेल, असं मी धरून चाललो. मग मी गिऱ्हाइकांना विचारायला लागलो. डोळे तपासताना माणूस बोलायला मोठा सोयीचा असतो. नाकावर ती जड फ्रेम, हनुवटी टेकलेली, समोर अक्षरांचा तक्ता. उठून जाता येत नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकांना विचारलं. त्या म्हणाल्या, 'तो पाहिला की मला भूक लागते, आणि मला एरवी भूक लागत नाही.' पोस्टमनला विचारलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्या दिवशी नंबर काढता आला नाही, परत बोलवावं लागलं. कोर्टातल्या एक वकीलबाई म्हणाल्या, 'त्यात कुणी कुणाला सुधारायला जात नाही. माझ्याकडे येणारी जोडपी दिवसभर तेच सांगत असतात, मी त्याला किती सुधारलं आणि तो किती बिघडला.' यावर मी इतका विचारात पडलो की त्यांच्यानंतर आलेल्या बँक मॅनेजरांचं डावं भिंग उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवून दिलं. ते दुकानातून बाहेर पडले ते दाराऐवजी शेजारच्या काचेच्या कपाटातून. फारसं लागलं नाही. कपाटाला लागलं.

मग एका रविवारी लेकीने मला तिची नकाशे काढायची फळी आणायला त्यांच्या घरी पाठवलं. लिफ्टवाल्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती. (त्याबद्दल मी त्यांना काही बोललो नाही. माझ्या घरी हिचा चष्मा दोन वर्षं एका काडीवर उभा आहे.) गुडघा हातात धरून वर गेलो. जावईबापूंनी दार उघडलं. दाराशी लेकीच्या सपाता होत्या, जोडीने, भिंतीला लावून ठेवलेल्या. आत टीव्हीवर चित्र थांबवलेलं होतं. भिंत, भोक, आणि भोकात अर्धवट सरकवलेलं एक पातेलं.

 'तुमच्याकडेही हाच?' असं काहीतरी मी म्हणालो.

'बसा ना, बाबा,' ते म्हणाले.

मी बसलो. त्यांनी सिनेमा पुढे चालू केला. ही तीच जागा होती. तो भोकातून रिकामं पातेलं पलीकडे देतो. ती पाणी भरून परत देते. याला पाणी नको असतं, तिचा हात पुन्हा दिसावा एवढंच हवं असतं, म्हणून तो पाणी खिडकीतून ओततो आणि पातेलं परत सरकवतो. पुन्हा तसंच. मग मात्र तिला पाणी ओतल्याचा आवाज ऐकू येतो आणि ती पातेलं रिकामंच परत देते. आणि हा, ते रिकामं पातेलं तितक्याच काळजीने खिडकीतून ओततो. इथे लोक उसासा टाकतात. इथे आपली मुलं हसली होती.

मी जावईबापूंकडे बघत होतो. ते हसले नाहीत.

'तुम्ही इथे हसायचात ना?' मी विचारलं.

'हो. आता येत नाही.' चष्मा पुसत त्यांनी विचारलं, 'तिला येतं का?'

मी म्हणालो, 'तिलाही नाही.' आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या ठिकाणी लेक दर वेळी श्वास रोखून बसते आणि मग कप उचलून आत जाते.

जावईबापूंनी रिमोट उचलला. मग त्यांनी विचारलं, 'आवाज जरा कमी केला तर चालेल ना तुम्हाला?' व्याहीबुवा, इतक्या आदराने मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. आणि त्या क्षणी मला आमच्या पोरीचं दुःख समजलं.

मी फळी काखेत मारून घरी आलो ते तरंगतच. ही दोन माणसं दोन घरांत एकच सिनेमा बघतात, एकाच जागी थांबतात, एकच वाट बघतात. यांना एका खोलीत बसवलं की झालं. हिला सांगितलं तर हिने तेवढ्यात पडद्यांचे हुकसुद्धा धुवायला काढले. जावईबापूंच्या चष्म्याचा नाकावरचा पॅड ढिला आहे, दुकान बंद असल्यामुळे घरीच या, असा मी निरोप धाडला. (पॅड ढिला नव्हता. त्यांनी येताना तो ढिला करून आणला होता. यावरून तुम्हाला कळेल की मुलगा किती समजूतदार आहे.) पहिल्या मजल्यावरच्या बाईंना हिने आज येऊ नका म्हणून सांगितलं. त्या आल्या नाहीत, फक्त खाली छताजवळ स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

दोघांना कोचावर बसवलं. मध्ये एक उशी होती, ती हिने सहज उचलून नेली. मी वेताच्या मोड्यावर बसलो. सिनेमा सुरू झाला. भिंत बांधून झाली, अंडी उकडली, कासव हरवलं. मी पडद्याकडे बघितलंच नाही. पातेलं आलं. पाणी भरलं, ओतलं. पुन्हा भरलं, ओतलं. मग रिकामं पातेलं आलं आणि त्याने ते खिडकीतून ओतलं.

आधी लेकीच्या नाकातून एक बारीक आवाज आला. मग जावईबापूंच्या. मग दोघंही जी हसायला लागली ती थांबेचनात. लेकीने डोळे पुसले, जावईबापूंना ठसका लागला, तिने त्यांच्या पाठीवर थाप मारली, त्यांनी तिच्या गुडघ्यावर. ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि बटाट्यांवर रडली. मी मागे गेलो आणि म्हणालो, 'जमलं.' त्या आनंदात मी जावईबापूंना दुकानातली सगळ्यात भारी फ्रेम कबूल करून बसलो.

सिनेमा संपल्यावर ती दोघं पाय मोकळे करायला म्हणून बाहेर गेली. आम्ही खिडकीच्या पडद्याआड उभे. बराच वेळ ती समोरच्या कठड्यावर बसून बोलत होती. मग जावईबापू त्यांच्या वाटेने गेले आणि लेक एकटी वर आली. तिने कप गोळा केले, विसळले, पालथे घातले. मग माझ्यासमोर बसली.

'बाबा, आमचं ठरलं.'

'राहायला कधी जातेस?'

'नाही. सह्या करायचं ठरलं.'

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, 'अगं, तुम्ही हसलात ना?'

'हसलो,' ती म्हणाली. 'किती दिवसांनी हसलो. इतके दिवस दोघांनाही वाटत होतं की, ते हसू परत आलं की त्याच्या मागून बाकीचं येईल. म्हणून दोघंही थांबलो होतो. आज हसू आलं.' मग म्हणाली, 'तेवढंच आलं, बाबा.'

एवढं बोलून ती माझी समजूत काढायला लागली. माझ्या हातावर थोपटत बसली. आमच्यात बाप कोण, हे तेवढा वेळ मला आठवेना.

सह्यांच्या दिवशी दोघं एकाच गाडीने गेली. जावईबापूच घ्यायला आले होते. लेकीने मला सोबत चला म्हटलं, मी मागच्या सीटवर बसलो, जसं लहानपणी तिला मी बसवत असे. वाटेत ती दोघं कशावरून तरी हसत होती. कचेरीत जाऊन उभी राहिली तर कारकुनाने वर न बघता, हसण्याचा आवाज ऐकून, त्यांना लग्न नोंदवायच्या खिडकीकडे पाठवलं. तिथे त्यांना शुभेच्छाही मिळाल्या. मग बरोबर खिडकी सापडली. तिथल्या माणसाने सगळं विचारलं. भांडी कुणाची, घर कुणाचं, मुलं आहेत का, कर्ज आहे का. त्यांच्या आईबापांनी एकमेकांचं काय करायचं, ते त्याने विचारलं नाही. मी दोनदा खाकरून पाहिलं.

येताना जावईबापूंनी मला दारापर्यंत आणून सोडलं. माझ्या गुडघ्याची चौकशी केली. जिन्याचा दिवा त्यांनीच लावला, आणि जाताना मला न विचारता बंद करून गेले. मी अर्ध्या जिन्यात अंधारात उभा होतो. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो.

आता लेक ऑफिसजवळ एक खोली घेऊन राहते. कुंडी घेऊन गेली, डिस्क ठेवून गेली. 'मला आता नको,' म्हणाली. मी मात्र अजून अधूनमधून लावतो, आणि लोकांना हा सिनेमा का आवडतो ते मला शेवटी कळलं आहे असं मला वाटतं. शेवटी घरमालक भिंत नीट करायला तोच गवंडी परत पाठवतो. गवंडी हातोडी घेऊन उभा राहतो आणि विचारतो, 'पाडू का?' अलीकडून कुणी बोलत नाही, पलीकडून कुणी बोलत नाही. गवंडी थोडा वेळ वाट बघतो आणि मग खाली बसून डबा उघडतो. तिथे सिनेमा संपतो. व्याहीबुवा, आपल्या सगळ्यांच्या घरात आपापली चूल आहे आणि आपापला नळ आहे. मला तुझी गरज आहे, हे आपल्याला तोंडाने सांगावं लागतं. ते आपल्याला जमत नाही, मग आपण फार नीट वागायला लागतो. सिनेमातल्या त्या दोघांना ते कधी सांगावं लागत नाही. त्यांच्या वतीने ती भिंतच सांगते. एका गवंड्याच्या चुकीमुळे दोन माणसांची लाज वाचते. म्हणून लोक तो पुन्हा पुन्हा बघतात, असं माझं मत.

हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, 'तुम्ही उगाच डोकं लावता. कासव गोड आहे म्हणून बघतात.' खालून बाईंनीही छतावर काठी आपटून अनुमोदन दिलं.

असो. कळावे. लोभ होताच. तो मोडायला कुठल्या खिडकीवर जावं लागत नाही, तेव्हा तो आहे तसा असू द्यावा.

आपला,
चष्मेवाला

ता. क. : चिरंजीवांची फ्रेम तयार आहे. कबूल केली ती केली, आता जावई नाहीत म्हणून मी शब्द फिरवणार नाही. नंबर बदललेला नाही. दोन्ही डोळ्यांनी त्यांना अगदी स्वच्छ दिसतं, हे मी तपासून पाहिलं आहे.

ता. क. २ : विहीणबाईंनी लग्नात हिला दिलेली दुलई ही परत पाठवायची म्हणते. मी अडवून धरली आहे. ती परत आली तर तुम्ही पुन्हा पाठवा, म्हणजे काहीतरी येत-जात राहील.

ता. क. ३ : वर एवढं लिहिलं, त्यातलं बरंचसं लिहायचं नव्हतं. लिहायचं होतं ते हे. बुधवारी तुमची बेकरी बंद असते आणि बुधवारी दुपारी तुम्ही माझ्या दुकानात येऊन तपासणीच्या खुर्चीवर बसत होता. आपण काही फार बोलत नव्हतो. तुम्ही तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून टाकली होती आणि मला म्हणायचात, डोळे उत्तम आहेत. मग गिऱ्हाईक आलं की तुम्ही उठायचात, गेलं की बसायचात. मुलं वेगळी झाल्यापासून तुम्ही आला नाहीत. तुम्हाला वाटलं असेल की मला अवघड होईल. मला वाटलं की तुम्हाला अवघड होईल, म्हणून मी बोलावलं नाही. आपण दोघंही फार नीट वागतो आहोत. बुधवारी दुकानात ती खुर्ची रिकामी असते आणि मी गिऱ्हाइकाला बाकावर बसवून तपासतो. हिला सिनेमाचा कंटाळा आला आहे आणि एकट्याने बघवत नाही. तुम्हाला झोप लागली तर झोपा, मी कासव आलं की उठवीन.

ता. क. ४ : पाकीट चिकटवायच्या आधी हिने पत्र वाचलं. हिचं म्हणणं, एवढा चार पानी पाल्हाळ लावायची काही गरज नव्हती, 'बुधवारी या' एवढं लिहिलं असतं तरी माणूस आला असता. मी म्हणालो, तुला काय माहीत येतील की नाही. ही म्हणाली, 'त्यांच्या बायकोने काल मला फोन केला होता. तेही दर बुधवारी घरात बसून असतात आणि कुणाशी बोलत नाहीत.' विहीणबाईंचा खोकला गेला आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

बुधवारी या.